नवीन सुपरवायझर झालाय? साईटवर सेफ्टी पहिल्या दिवसापासनं कशी बसवायची

डिप्लोमा करून किंवा दहा वर्षं थापी चालवून पहिल्यांदाच सुपरवायझर म्हणून उभं राहणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. मी कोल्हापूर आणि आजूबाजूला, म्हणजे कळंबा, पाचगाव, उचगाव, मध्ये काही वर्षं गोकुळ शिरगावला शेडची कामं, असं मिळून बावीस वर्षं साईटवर काढलीत. पहिली सात-आठ वर्षं मला वाटायचं सेफ्टी म्हणजे मालकानं हेल्मेट आणून द्यायची, गेटवर बोर्ड लावायचा, कामगारांनी ऐकायचं, आणि आपलं काम काय तर माप, माल आणि माणसं. तसं नसतंय. मालक आठवड्यातनं एकदा येतो, इंजिनियर दिवसाला एक चक्कर मारतो, गवंड्याला आणि बिगाऱ्याला सकाळपासनं संध्याकाळपर्यंत जो दिसतो तो तुम्ही. तुम्ही जे बघून काही न बोलता पुढं गेला, ते चालतंय असं तो धरतो.

हे मला कसं कळलं ते सांगतो. एका साईटवर दुसऱ्या मजल्याच्या बाहेरून प्लास्टर चालू होतं, परांचीची (उंचावर उभं राहून काम करायला बांधलेल्या बांबू-फळ्यांच्या मचाणाची) एक फळी नुसती टाकलेली, दोरीनं बांधलेली नव्हती, टोक आडव्या बांबूच्या बरंच बाहेर आलेलं. मी ती सकाळी बघितली होती. फिटरांच्या बिलाची मापं घ्यायची होती म्हणून मनात म्हटलं नंतर सांगतो, आणि खाली उतरलो. अकराच्या सुमारास एका विशीतल्या पोरानं त्या टोकावर पाय दिला. जीव वाचला, पण कंबरेचं हाड मोडलं आणि तो परत कधी गवंडीकामाला आला नाही. त्याच्या जोडीदारानं नंतर मला विचारल्यावर सांगितलं, "सायेब, तुम्ही सकाळी तिथनंच गेलासा, काय बोलला न्हाईसा, म्हणून मला वाटलं बरोबर हाय." त्याचा सूर तक्रारीचा नव्हता, सरळ सांगत होता, आणि म्हणूनच ते माझ्या मनातनं गेलेलं नाही. खाली जे काही लिहिलंय ते सगळं त्या एका वाक्यातनं आलंय.

पहिलं काम: माणसं यायच्या आधी साईट फिरा

अर्धा तास आधी जा. चहा नंतर. हातात वही, पेन, आणि जमलं तर थोडी बाइंडिंग वायर आणि दोरी, कारण बऱ्याच गोष्टी तिथल्या तिथं बांधून टाकता येतात.

वरनं खाली या. आधी वरचा मजला, मग एकेक जिना उतरत. बघायचं काय? परांचीच्या फळ्या बांधलेल्या आहेत का, दोन फळ्यांत पाय जाईल एवढी फट आहे का, कामाच्या उंचीला बाहेरच्या बाजूनं कंबरेएवढा आडवा बांबू आहे का (साधारण मीटरभर उंचीवर एक आणि मधे एक), आणि फळीच्या कडेला विटा घसरून खाली पडू नयेत म्हणून उभी पट्टी मारली आहे का. डक्ट आणि लिफ्टचं भोक उघडं आहे का. हे भोक लै फसवतं, कुणीतरी त्यावर प्लायचा तुकडा टाकतो, दुसरा येऊन सेंट्रिंगला (काँक्रीट ओतायच्या साच्याला) प्लाय पाहिजे म्हणून तो उचलतो आणि उचलणारा स्वतःच त्यात जातो. झाकण टाकलं तर ते खिळ्यानं ठोका आणि त्यावर लाल रंगानं "भोक आहे" असं मोठं लिहा. शिडीचं साधं गणित: चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, आणि वरच्या मजल्यावर शिडी मीटरभर वर गेलेली पाहिजे, म्हणजे उतरताना धरायला काहीतरी असतंय.

विजेचा बोर्ड रोज बघा. ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळायला लागला की आपोआप वीज तोडणारा स्विच) असला पाहिजे आणि त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडला पाहिजे. न पडणारा ईएलसीबी म्हणजे नुसती डबी. वायरची उघडी टोकं काडी घालून सॉकेटमध्ये खोचलेली दिसली की काढा, प्लग लावून घ्या, तेवढ्यासाठी काम दहा मिनिटं थांबलं तर थांबू दे.

पाया खोदायचं काम असेल तर सगळ्यात जास्त वेळ तिथं द्या. आपल्याकडं पंचगंगेच्या बाजूला काळी माती, उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, वळीव झाला की पाणी त्या भेगेत शिरतं आणि वरनं कोरडी ठणठणीत दिसणारी कड अख्ख्या भिंतीसारखी खाली येते. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या वर भरतं. छातीपर्यंत माती आली की माणसाला श्वास घेता येत नाही, चार जण मिळून ओढून काढू म्हणलं तरी निघत नाही. म्हणून दीड मीटरपेक्षा खोल चरात फळ्या आणि टेकू दिल्याशिवाय किंवा कड तिरकी कापल्याशिवाय कुणाला उतरवायचं नाही, काढलेली माती कडेपासनं निदान दीड मीटर लांब टाकायची, आणि जेसीबी किंवा डंपर कडेला लागू द्यायचा नाही. रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी परत तपासायचं, काल ठीक होतं हे धरायचं नाही.

पुराच्या दिवसांत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका हे आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. २०१९ ला आणि २०२१ ला कितीतरी साईटी दिवसच्या दिवस बंद राहिल्या. पण मला विचाराल तर साईटवरचा धोका पाणी उतरल्यावर सुरू होतो, कारण तेव्हा सगळ्यांना मागं पडलेलं काम भरून काढायचं असतंय. पाण्यात गेलेला बोर्ड, पाण्यात उभे राहिलेले टेकू, भिजून मऊ झालेली जमीन, हे सगळं तपासून मगच हाळी द्या.

तुमचं डोकं, तुमचे पाय

हे थोडक्यात. हेल्मेट घाला, पट्टी हनुवटीखाली लावा, आयएसआय मार्क बघून घ्या. चप्पल घालून साईटवर येऊ नका, दोन मिनिटांसाठी पण नाही. तुम्ही हेल्मेट बाइकच्या आरशाला अडकवून वर गेला की त्या दिवशी कुणाला सांगायचा तुमचा हक्क संपला.

सकाळची पाच मिनिटं

मोठ्या कंपन्यांत ह्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. छोट्या साईटवर पण करा, वीस माणसं असू देत नाहीतर सहा. नवीन लोक चूक करतात ती अशी की कागद वाचून दाखवतात, "सर्वांनी सुरक्षेची काळजी घ्यावी" वगैरे. त्यात ऐकण्यासारखं काय नसतंय, माणसं मिश्री लावत उभी राहतात आणि मनात म्हणतात कधी सोडतोय हा.

त्याऐवजी आजच्या कामाचं बोला आणि विचारा. मी असं विचारतो:

"आज पश्चिमेच्या बाजूला प्लास्टर. परांची काल कुणी बांधली?"

"मी आणि शिवाप्पानं."

"मामा, तुम्ही स्वतः त्याच्यावर उभं राहून बघितलं?"

"तिसऱ्या टप्प्याची एक बल्ली हलतीया, ती आधी बांधतो."

झालं. ही बल्ली मला सकाळी फिरताना दिसली नव्हती, मामांना माहीत होती आणि विचारलं नसतं तर ते बोलले पण नसते. आपल्याकडं विजापूर बाजूची माणसं असतात, बिहार, ओरिसा, बंगालची असतात, सगळ्यांना मराठी कळतंय असं समजू नका. मान डोलवली म्हणजे कळलं असं नाही, काय करणार ते त्यालाच परत सांगायला लावा, हिंदीत सांगू दे, कन्नडमधे सांगू दे, टोळीतला एकजण अर्थ सांगतोच.

ह्यावर अभ्यास पण झालेत. इस्रायलचे डोव्ह झोहार नावाचे अभ्यासक, ज्यांनी १९८० मध्ये कारखान्यातल्या सेफ्टीच्या वातावरणाचं मोजमाप करायची पद्धत मांडली, त्यांनी नंतर २००२ मध्ये दुरुस्तीच्या वर्कशॉपमधला एक प्रयोग छापला. तिथं सुपरवायझरांना दर आठवड्याला एवढंच सांगितलं जायचं की तुम्ही तुमच्या माणसांशी सेफ्टीबद्दल किती वेळा बोललात. बाकी मशिन तीच, माणसं तीच. तरी किरकोळ इजा कमी झाल्या आणि कानात बोळे घालणारे वाढले. बांधकामावर डेन्मार्कमध्ये अशाच धर्तीचा अभ्यास झालाय, तिथंही फोरमनचं रोजचं बोलणं बदलल्यावर साईटची सेफ्टी सुधारलेली दिसली. मला ह्यातनं पटलेली गोष्ट एकच, की बोलणं म्हणजे भाषण नाही, दिवसातनं दहा ठिकाणी थांबून दोन वाक्यं.

नवा माणूस आला की

पहिला आठवडा त्याला एकटा सोडू नका. जुन्या जाणत्या माणसाबरोबर जोडी लावा, आणि त्या जुन्या माणसाला सगळ्यांसमोर सांगा की हा आठवडाभर तुमच्याकडं. त्यानं त्याला मान पण मिळतो आणि जबाबदारी पण येते. पहिल्या दिवशी स्वतः सोबत घेऊन साईट दाखवा: भोकं कुठं, मेन स्विच कुठं, प्यायचं पाणी, संडास, औषधाची पेटी. आणि स्पष्ट सांगा, "भीती वाटली तर वर जाऊ नको, मला येऊन सांग, खाडा लावणार नाही." हे वाक्य नव्या पोराला कुणी सांगत नाही. तो मुकादमाच्या ओळखीनं आलेला असतो, नको म्हणायची त्याला भीती वाटते, उंचीपेक्षा जास्त.

आपल्याकडं गळीत हंगाम सुरू झाला की गावाकडची काही माणसं उसाकडं जातात, चैत्रात जोतिबाच्या यात्रेला आणि गावच्या जत्रांना अर्धी साईट रिकामी होते, आणि परत येताना टोळीत दोन-चार नवे चेहरे असतात. तो दिवस नव्यानं सुरुवात केल्यासारखा धरा. जुन्या माणसालाही परत फिरवून दाखवा, कारण तो गेला तेव्हा जिन्याला भिंत होती आणि आता तिथं भोक पाडलेलं असेल.

बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी झालीय का ते पण त्याच दिवशी विचारा. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला लागतो, तो दाखला मिळवायला त्याला मदत करा. तुम्ही म्हणाल ह्याचा सेफ्टीशी काय संबंध. लै आहे. जो सुपरवायझर आपल्या पोराबाळांच्या शिष्यवृत्तीच्या कागदासाठी धावतो, त्यानं सेफ्टी बेल्ट लाव म्हटलं की माणूस लावतो.

चुकलेल्याला कसं सांगायचं, आणि मुकादमाचं काय

खालनं ओरडू नका. वर काम करणाऱ्या माणसाला अचानक हाक मारली की तो वळून बघतो, त्यातच तोल जातो. वर जा, जवळ उभं राहा, काम थांबवायला सांगा, मग बोला. आणि चारचौघांत आईबहिणीवरनं बोलून कुणी सुधारत नाही, तो फक्त तुम्ही दिसला की हेल्मेट घालायला शिकतो. तुम्ही गेटवर आला की वर शिट्टी वाजते आणि सगळे बेल्ट लावतात, अशी साईट मी बघितलीय, काही काळ ती माझीच होती.

कारण विचारा. बेल्ट का लावला नाही? बऱ्याचदा उत्तर खरं असतंय: हूक लावायला जागाच नाही. मग ते काम तुमचं. कॉलमच्या सळईला किंवा पक्क्या बीमला दोर बांधून द्या, परांचीच्या बांबूला हूक लावायला सांगू नका. हूक शक्यतो डोक्याच्या वर. पायाजवळ लावला तर दोन मीटरची दोरी, वर शॉक अॅब्सॉर्बर (दोरीतला झटका झेलणारा भाग) उघडून होणारी लांबी, माणसाची स्वतःची उंची, असं धरून खाली सहा मीटरच्या आसपास मोकळी जागा लागते, म्हणजे पहिल्या मजल्यावर तो बेल्ट असून नसल्यासारखा. दोन मीटरवरनं खाली यायला पाऊण सेकंद पण लागत नाही, धरू वगैरे काही जमत नसतंय.

मुकादमाशी मात्र वेगळं बोला, बाजूला घेऊन, चहाला बसून. टोळी त्याची आहे, त्याला डावलून तुम्ही काहीही बसवू शकत नाही. आणि उक्तं काम असेल तर त्याची अडचण समजून घ्या: त्याला चौरस फुटावर पैसे मिळतात, परांची नीट बांधायला गेलेले दोन तास त्याच्या खिशातनं जातात. त्याला "सेफ्टी पाळा" म्हणून काय होणार? दर ठरतानाच परांची बांधायचे आणि सोडायचे पैसे वेगळे लावून घ्या, मालकाकडनं मंजूर करून घ्या. हे ज्या साईटवर केलं तिथं मला परांचीसाठी भांडावं लागलं नाही. उक्त्यात सेफ्टी फुकट मागितली तर ती मिळत नाही, हे माझं ठाम मत आहे.

स्लॅबचा दिवस

तुमची खरी परीक्षा ह्या दिवशी. मिक्सर आलेला, पन्नास-साठ माणसं, लिफ्ट चालू, पन्हाळ्याकडनं काळे ढग यायला लागलेत, मालक फोनवर, आणि तुम्हाला दिसतं की मधल्या बीमखालचे दोन टेकू ओळंब्यात (सरळ उभे) नाहीत, किंवा एक टेकू विटांच्या तुकड्यांवर उभा केलाय. अशा वेळी तुम्ही काय करता ते त्या साठही माणसांना पुढची वर्षभर लक्षात राहतं. थांबवा. माल ओतायला सुरुवात झाली असेल तरी त्या भागातलं थांबवा, खालची माणसं बाहेर काढा, टेकू नीट करा, मग पुढं.

त्यापेक्षा चांगलं म्हणजे आदल्या दिवशी संध्याकाळी इंजिनियरसोबत खालनं एकेक टेकू हातानं हलवून बघा. खाली फळी किंवा प्लेट पाहिजे, भराव असेल तर तो दाबलेला पाहिजे, आडवे बांध पाहिजेत. स्लॅब चालू असताना खाली एक सेंट्रिंगवाला फक्त बघायला ठेवा, आवाज आला किंवा प्लाय फुगला तर त्यानं ओरडायचं, आणि त्याच्या एका शब्दावर वर काम थांबणार हे सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवा. बाकी कुणालाही खाली जाऊ देऊ नका, सावलीला म्हणून पण नाही.

काढायची घाई हा दुसरा भाग. पुढच्या साईटला सेंट्रिंगच्या प्लेटा पाहिजेत म्हणून पाचव्या दिवशी फोन येतो. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या कामाच्या भारतीय मानकात, सरळ लिहिलंय: स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू ७ दिवस, त्याच्यावर १४ दिवस, बीम सहा मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्याच्यावर २१. हे साध्या ओपीसी सिमेंटचं झालं, पिशवीवर पीपीसी (राख मिसळलेलं, सावकाश घट्ट होणारं सिमेंट) लिहिलं असेल तर इंजिनियरला विचारून जास्त दिवस ठेवा. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. फोनवर वाद घालायचा नाही, "साहेब, चौदावा दिवस गुरुवारी आहे, गुरुवारी काढतो" एवढंच सांगायचं.

कुणी वाईट बातमी घेऊन आला तर

"साहेब, मिक्सरला हात लावला की मुंग्या येतात." ह्यावर तुमच्या तोंडातनं पहिलं काय निघतं ते महत्त्वाचं. "आत्ता? आत्ताच काढलंस?" असं म्हणालात की तो परत येणार नाही, आणि त्याच्यासोबत ऐकणारे पाच जण पण येणार नाहीत. "बरं झालं सांगितलंस" म्हणा, मेन बंद करा, वायरमनला बोलवा, आणि दुरुस्त झाल्यावर त्याच माणसाला दाखवा काय निघालं ते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाच मिनिटांत सगळ्यांसमोर सांगा की काल ह्यानं सांगितलं म्हणून अर्थिंग तुटलेली सापडली.

वीट पडली पण कुणाला लागली नाही, पाय घसरला पण सावरला, असले प्रसंग पण वहीत लिहा. नाव लिहायची गरज नाही, जागा आणि कारण लिहा. महिन्याभरानं वही चाळली की तीच तीच जागा दिसते.

मालकाला कसं सांगायचं

"सेफ्टीला खर्च करा" म्हटलं की कुणी ऐकत नाही. वस्तू, संख्या आणि तारीख सांगा: "बुधवारपासनं बाहेरचं प्लास्टर आहे, सहा बेल्ट आणि पन्नास मीटर दोर मंगळवारपर्यंत पाहिजे, नाही आलं तर आतलं प्लास्टर आधी घेतो." फोटो काढून पाठवा, मेसेज लेखी ठेवा. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, तुम्ही काम थांबवत नाही तर दुसरं काम दाखवताय, माणसं बसून राहत नाहीत, मालकाला पण मार्ग मिळतो. माझ्या अनुभवात दहातले सात-आठ मालक एवढ्यावर देतात. जो अजिबात देत नाही आणि माणसं वर चढवाच म्हणतो, त्याच्याकडं मी थांबलो नाही. घर चालवणाऱ्या माणसाला नोकरी सोडणं सोपं नसतंय, मला माहीत आहे, पण निदान चढवायला नकार देता येतो.

अपघात झालाच तर

१०८ ला फोन, एकजण गेटवर रस्ता दाखवायला, एकजण जखमीजवळ. उंचावरनं पडलेल्याला उचलून बसवू नका, पाणी पाजू नका, मान आणि कंबर हलवू नका. शॉक लागला असेल तर आधी मेन बंद, मग हात लावा. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा जवळच्या दवाखान्यात सोबत तुम्ही स्वतः जा, मुकादमाला पाठवून मोकळं होऊ नका, घरच्यांना फोन पण तुम्हीच करा. जागा धुऊ नका, फळी हलवू नका, जे जसं आहे तसं राहू दे आणि विचारणाऱ्याला खरं सांगा. "पोरगं चक्कर येऊन पडलं" असली गोष्ट टोळीला पाठ करायला लावली तर त्या साईटवर परत कधी कुणी तुम्हाला हलणारी बल्ली दाखवणार नाही.

रजेवर जाताना

साईट खरंच सुधारली का हे तुम्ही नसताना कळतं. म्हणून दोन-तीन महिने झाले की सकाळची फेरी मुकादमाला सोबत घेऊन मारा, मग त्याला पुढं चालू द्या आणि तुम्ही मागनं. तुम्हाला दिसलेलं लगेच बोलू नका, त्याला दिसतंय का बघा. नंतर दोन दिवस रजा घेताना वही त्याच्या हातात द्या, लिहिता येत नसेल तर त्याच्या पोराकडनं लिहून घेऊ दे किंवा फोनवर आवाज रेकॉर्ड करू दे. परत आल्यावर कामाची मापं घ्यायच्या आधी ते दोन दिवस वाचा किंवा ऐका, आणि त्यात लिहिलेल्या जागेवर त्याला घेऊन जा.